मधल्या रकान्यात कोण?

कागद आणि माणूस : लेखांक ७

गेल्या आठवड्यात जन्मदाखल्यातल्या चुकांविषयी लिहिलं होतं. पारलिंगी व्यक्तींचं दुखणं निराळं आहे. दाखल्यावरचं नाव तिथे अगदी अचूक असतं, पण ज्याचं आहे त्याला ते आपलं वाटत नाही.

नाव बदलणं आपल्याकडे नवं नाही. नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव घेऊन कित्येक बायकांनी जन्म काढला. साताऱ्यात २०११ साली ‘नकुसा’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केलं. तृतीयपंथीयांच्या घराण्यातही चेल्याला नाव बहुधा गुरूच देते. म्हणजे लोकांना खुपतो तो बदल नव्हे. स्वतःचं नाव स्वतः ठेवणं खुपतं. मग ‘आईबापांनी ठेवलेलं काय वाईट होतं?’ हे ऐकावं लागतं, आणि पाठोपाठ ‘आधीचं काय होतं?’ हेही. (हा दुसरा प्रश्न विचारूच नये.) खरं तर निवडणारे आईबापांना सहसा विसरत नाहीत. कुणी जुन्या नावाचं आद्याक्षर राखतं, कुणी आईलाच विचारतं, मुलगी झाली असती तर काय ठेवलं असतंस?

आता कायदा. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. त्यानंतर पारलिंगी व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम आले. त्या नियमांनुसार शपथपत्र जोडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करायचा. २०२० च्या त्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. तीस दिवसांत ओळखपत्र आणि प्रमाणपत्र मिळावं, आणि त्यावरून इतर कागद पंधरा दिवसांत दुरुस्त व्हावेत.

वाचायला छान. पण २०१९ च्या कायद्यातलं कलम ७ नीट वाचलं तर तिथे बदलण्याचा हक्क ‘पहिल्या नावाचा’ आहे. मराठी नाव मात्र तीन रकान्यांचं. पहिल्या रकान्यातलं बदलेल. मधल्यात वडील तसेच राहतील, भले त्यांनीच घराबाहेर काढलेलं असो. शेवटच्यात आडनाव राहील, आणि आडनावावरून जात ओळखायची आपली सवय काही जात नाही. ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे मराठी माणसाचा फॉर्म नसावा.

संपूर्ण नाव बदलायचं तर दुसरी वाट कुणाही नागरिकाला असते तीच : महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. लोक याला सरळ ‘गॅझेट करणं’ म्हणतात. इथे मधल्या रकान्यात आईचं नाव घालता येतं, गुरूचंही. म्हणजे खास यांच्यासाठी केलेल्या कायद्याचं दार अरुंद आणि सगळ्यांसाठी असलेलं रुंद, असा उलटा प्रकार. त्याचीही किंमत आहेच. राजपत्रात जुनं नाव नव्याच्या शेजारी छापलं जातं, आणि ते कुणालाही पाहता येतं. जे नाव मागे टाकायचं, तेच असं कायमचं सोबत येतं. प्रमाणपत्राच्या वाटेत ही जाहिरात नाही, पण प्रमाणपत्र समोर ठेवलं तरी ‘गॅझेट आणा’ म्हणणारे कारकून भेटतात. तेव्हा कायद्याच्या मजकुराची प्रत जवळ ठेवावी.

एक व्यवहाराची गोष्ट. आधार कार्डावर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं आणि लिंगाची नोंद एकदाच. पहिलं नाव आज बदललं, मधलं पुढच्या वर्षी, असं केलं तर दोन्ही संधी संपतात. पुढे इंग्रजी स्पेलिंगमधली साधी चूक काढायलाही खेटे घालावे लागतील. त्यामुळे मधल्या रकान्यात कुणाला ठेवायचं हे आधी पक्कं करा, त्याचं स्पेलिंग कागदावर लिहून काढा आणि मगच आधार केंद्रात जा.