‘टेक ऑफ’: विमान, चपला आणि रजा

‘टेक ऑफ’ हे इंग्रजीतले रोजच्या बोलण्यातले जोडक्रियापद. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘ऑफ’ म्हणजे पासून दूर, एवढे कळून फारसे काही साधत नाही. विमानाचे उड्डाण, पायातल्या चपला, बिलात मिळालेली सूट, हुबेहूब केलेली नक्कल, हे सगळे या दोन शब्दांत मावते. त्यातला ‘टेक’ तर मूळचा इंग्रजीही नव्हे. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला आणि जुन्या इंग्रजीतल्या ‘निमान’ या क्रियापदाला त्याने हुसकावून लावले.

ओमानमध्ये हे क्रियापद पदोपदी भेटते. तिथली राजभाषा अरबी असली, तरी बँका, इस्पितळे, तेलकंपन्या आणि विमानतळ यांचा बराचसा कारभार इंग्रजीत चालतो. १९९८-९९ पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. त्याआधी ते चौथीपासून असे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या सुलतान काबूस विद्यापीठात विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी इंग्रजीतूनच शिकवतात. त्यामुळे मस्कतमधल्या ओमानी विद्यार्थ्याला आणि तिथे नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला हे क्रियापद सारखेच भेटते, आणि सारखेच चकवते.

विमानाचा अर्थ सर्वांत ठळक. तो उडी मारताना जमीन सोडण्याच्या अर्थावरून आला. घोडा किंवा खेळाडू उडी घेताना ‘टेक ऑफ’ करी, विमाने नंतरची. मस्कतमध्ये विमाने आधी रुवीजवळच्या बैत अल फलज इथल्या धावपट्टीवर उतरत. १९७३ मध्ये सीबचा विमानतळ सुरू झाला, २००८ मध्ये त्याला मस्कत आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले आणि मार्च २०१८ मध्ये नवे टर्मिनल उघडले. गंमत अशी, की नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांच्या रेडिओवरच्या संभाषणात हा शब्द वाटेल तेव्हा उच्चारायची सोय नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी मिळाली की नाही, याविषयीचा गैरसमज हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तेव्हापासून जगभर शिस्त अशी, की ‘टेक ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. कोशात हे दोन्ही शब्द खुशाल समानार्थी म्हणून शेजारी बसतात. धावपट्टीवर मात्र त्यांची अदलाबदल चालत नाही.

दुसरा मोठा अर्थ अंगावरचे, पायातले काढण्याचा. मस्कतची सुलतान काबूस ग्रँड मशीद २००१ मध्ये खुली झाली. प्रार्थनागृहात शिरण्यापूर्वी पाहुण्यांना पादत्राणे बाहेर काढावी लागतात. जुन्या मस्कतमधल्या मोतीश्वर शिवमंदिराच्या दारातही तेच. इथे व्याकरणाची एक खोच आहे. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालते, ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालते, पण ‘शूज’च्या जागी सर्वनाम आले की ‘टेक देम ऑफ’ असेच म्हणावे लागते. सर्वनामाला शेवटी ढकलले की वाक्य बिघडते. विमानाच्या अर्थात कर्मच नसल्याने हा प्रश्नच येत नाही. याच अर्थाचा ‘डॉफ’ हा एकशब्दी पर्याय म्हणजे ‘डू ऑफ’चे आकसलेले रूप. आता तो बहुतेक टोपी काढून अभिवादन करण्यापुरता उरला आहे.

बाकीचे अर्थ झटपट आटोपण्यासारखे. दुकानदार किमतीतून काही रियाल ‘टेक ऑफ’ करतो, म्हणजे कमी करतो. कर्मचारी एखादा दिवस ‘टेक ऑफ’ करतो, म्हणजे रजा टाकतो. कोणी ‘टेक ऑफ’ केले, म्हणजे गुपचूप पोबारा केला. धंदा ‘टेक ऑफ’ झाला, म्हणजे त्याला बरकत आली. हा शेवटचा अर्थ अर्थशास्त्रातही शिरला. अर्थशास्त्रज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० च्या पुस्तकात देशाच्या विकासातल्या एका टप्प्यालाच ‘टेक ऑफ’ म्हटले. ओमानची तेलनिर्यात १९६७ मध्ये सुरू झाली आणि सुलतान काबूस जुलै १९७० मध्ये गादीवर आले, तेव्हा देशात तीनच आधुनिक शाळा होत्या. पुढच्या वीस वर्षांत जे घडले त्याला रोस्टोंचा शब्द लावायचा मोह होतो. पण त्यांच्या व्याख्येत उद्योगधंद्यांची वाढ अपेक्षित होती, आणि इथे गाडा ओढला तेलाने.

नकलेचा अर्थ आज मागे पडला असला, तरी तो चांगलाच जुना. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन यांनी, क्रियापदाला अव्यय जोडून होणारे असे शब्दप्रयोग परक्यांना सर्वांत जड जातात, असे नोंदवले आणि उदाहरणांत ‘टेक ऑफ’ही घेतले. त्याचा अर्थ त्यांनी दिला तो नक्कल करण्याचा. विमानाला तेव्हा दीडशे वर्षे अवकाश होता.

अरबीत या एका क्रियापदासाठी निरनिराळी क्रियापदे लागतात. विमान उडते ते ‘अक्लआ’. हे मूळचे जहाजाचे क्रियापद: शिडे चढवून निघणे. सूरच्या गोदीत लाकडी गलबते बांधणाऱ्या ओमानला ते अगदी शोभते. त्याच धातूच्या गोतावळ्यात गडाला ‘कलआ’ म्हणतात. निझवाचा सतराव्या शतकातला गोल बुरुजाचा गड ‘कलअत निझवा’, आणि आपला ‘किल्ला’ही तिथलाच. ‘अक्लआ’पुढे ‘अन’ हे अव्यय आले, की अर्थ होतो सोडून देणे, जसे सिगारेट सोडणे. म्हणजे शेपटाने अर्थ फिरवण्याची खोड अरबीलाही आहे. ‘रगिबा फी’ म्हणजे हवेसे वाटणे, ‘रगिबा अन’ म्हणजे नकोसे वाटणे. जोडे काढायला मात्र ‘खलआ’. त्यावरूनच, राजाने अंगावरून उतरवून दिलेले वस्त्र ती खिलत, आणि हा शब्द मराठी कागदपत्रांतही आढळतो. दुकानांवरच्या सवलतीच्या पाट्यांवर असतो ‘खस्म’.

मराठीत चपला, रजा आणि काढता पाय, सगळ्यांचा भार ‘काढणे’ उचलते. शिवाय कर्ज, फोटो, समजूत, आठवण, खोडी आणि भांडणातला बाप हे सगळे काढायचेच असतात. इंग्रजी जिथे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ बदलते, तिथे मराठी दुसरे क्रियापद जोडते. चपला काढून ठेवल्या, तर परत घालायच्या आहेत. काढून टाकल्या, तर त्यांच्याशी संबंध संपला. काढून घेतल्या, तर दुसऱ्याच्या पायातल्या. आणि काढून दिल्या, तर लहान मुलाच्या किंवा आजारी माणसाच्या. विमान मात्र मराठीत काढता येत नाही, ते उडते किंवा उड्डाण करते. आणि मस्कत-मुंबई फेरीतला मराठी प्रवासी घरी फोन करून सरळ ‘टेक ऑफ होतंय’ असेच सांगतो.