‘नीवा’ का टिकलं नाही?

गूगलला पर्याय उभा करायला निघालेल्यांमध्ये श्रीधर रामस्वामी यांच्याइतका तयारीचा माणूस क्वचितच सापडेल. ते आयआयटी मद्रासचे पदवीधर. २००३ मध्ये गूगलमध्ये गेले आणि २०१८ मध्ये बाहेर पडले, तेव्हा कंपनीला पोसणारा जाहिरात विभाग त्यांच्याच हाताखाली होता. पुढच्या वर्षी विवेक रघुनाथन या जुन्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘नीवा’ काढलं. हे शोधयंत्र जाहिराती दाखवणार नव्हतं, माग ठेवणार नव्हतं. वापरणाऱ्याने महिन्याला पाच डॉलरच्या आसपास वर्गणी भरायची, असा हिशेब होता. अनुभव होता, हुशार इंजिनिअर होते, गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलरही होते. तरीही मे २०२३ मध्ये ‘नीवा’ बंद करत असल्याचं त्यांना जाहीर करावं लागलं.

शोधयंत्र लिहिणं अवघड असतं, हे खरंच. आधी कोट्यवधी पानं फिरून गोळा करायची, त्यांची सूची बांधायची, ती सतत ताजी ठेवायची आणि विचारलेल्या प्रश्नाला कोणतं पान आधी दाखवायचं, हे सेकंदाच्या आत ठरवायचं. गूगलच्या सूचीत २०२० च्या सुमारास ४० हजार कोटी पानं-दस्तऐवज होते, असं अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात पुढे आलं. नवख्याला पानं गोळा करतानाच पहिली ठेच लागते. अनेक संकेतस्थळं गूगल आणि बिंगच्या यंत्रांना आत घेतात, अनोळखी यंत्राला दारातूनच परत पाठवतात. ‘नीवा’ने ही तक्रार उघडपणे मांडली होती. सूची पुरी होईपर्यंत बिंगकडून उत्तरं विकत घ्यायची, हा या धंद्यातला नेहमीचा मार्ग. ‘नीवा’नेही तोच धरला. पण ती वाट दुसऱ्याच्या मर्जीवरची. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये बिंगची ही खुली विक्रीसेवा बंद करून टाकली.

मात्र नुसती सूची मोठी असून भागत नाही. जुलै २००८ मध्ये ‘कूल’ नावाचं शोधयंत्र आलं. ते काढणाऱ्यांत गूगलमधून बाहेर पडलेल्या ॲना पॅटरसन होत्या. आमच्याकडे १२ हजार कोटी पानं आहेत, ही सगळ्यांत मोठी सूची, असा त्यांचा दावा होता. लोकांनी उत्सुकतेने पाहिलं, विचित्र उत्तरं आली, लोक परतले. सुमारे दोन वर्षांत ते बंद पडलं.

उत्तरं चांगली होतात ती वापराने. एखाद्याने शोध घेतला, तिसऱ्या दुव्यावर क्लिक केलं आणि तिथेच थांबला, तर ते पान उपयोगी आहे हे यंत्राला कळतं. लगेच मागे आला, तर तेही कळतं. रुग्णच न येणाऱ्या दवाखान्यात डॉक्टरचा हात बसत नाही, तशी नव्या शोधयंत्राची गत होते. गूगलला १३ महिन्यांत वापराची जेवढी माहिती मिळते, तेवढी गोळा करायला बिंगला १७ वर्षांहून अधिक काळ लागेल. मला गूगलवरच्या खटल्यातली सगळ्यांत बोलकी आकडेवारी मात्र दुसरीच वाटते. दोन्ही शोधयंत्रांवर आलेली लाखो वेगवेगळी शोधवाक्यं तपासली, तेव्हा ९३ टक्के वाक्यं फक्त गूगलला दिसलेली होती. फक्त बिंगला दिसलेली पाच टक्केही नव्हती. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. ‘वाईहून पाचगणीला शेवटची एसटी’ असं विचारणारा माणूस मात्र ज्याच्या दारात जातो, तोच ते उत्तर द्यायला शिकतो.

आणि हे दार विकत घेतलेलं आहे. फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर आपोआप गूगल समोर यावं, यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६३० कोटी डॉलर मोजले. पुढच्या वर्षी एकट्या ॲपलला गेलेली रक्कम सुमारे २००० कोटी डॉलर होती. ‘नीवा’ कितीही चांगलं असलं तरी सेटिंगमध्ये शिरून ते निवडण्याचे कष्ट माणसाने स्वतः घ्यायचे होते, आणि ब्राउझर व शोधयंत्र यांतला फरकच अनेकांना ठाऊक नसतो. रामस्वामींनी २०२३ मध्ये न्यायालयात साक्ष देताना हीच अडचण मांडली. बिंगमागे तर मायक्रोसॉफ्टने दोन दशकांत जवळजवळ १० हजार कोटी डॉलर ओतले, तरी ते दुसऱ्या क्रमांकावरच आणि फार मागे राहिलं. पैसा असला की जमतं, हा समज तिथेच संपतो.

याला अपवाद आहेत. रशियात यांडेक्स, दक्षिण कोरियात नेव्हर ही शोधयंत्रं टिकून राहिली, कारण गूगल तिथे रुजण्याआधीच त्यांनी स्थानिक भाषेचा प्रश्नकर्ता मिळवला होता.

अमेरिकेतल्या त्या खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरले. एकमेव निवडीचे करार बंद झाले, सूचीतली आणि वापराची काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्याचा आदेश झाला. पण जागेसाठी पैसे देण्यावर बंदी आली नाही. माहितीवाटपाचा आदेश मला मोलाचा वाटतो, कारण तो नेमका दुखण्याच्या जागी बोट ठेवतो. पैसे चालू ठेवणं मात्र पटत नाही. ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचंच दार राहणार.

युरोपातल्या १४ संस्थांनी २०२२ पासून वेगळी वाट धरली आहे. सूचीच सार्वजनिक पैशातून बांधायची आणि कुणालाही तिच्यावर आपलं शोधयंत्र उभारू द्यायचं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी ‘संधान’ हे शोधयंत्र सरकारी मदतीतून झालं होतं. त्यात मराठी होती, विषय मुख्यतः पर्यटनाचा होता. घर, घरी, घरापासून ही एकाच शब्दाची रूपं आहेत, हे यंत्राला शिकवण्याचं काम अशाच प्रकल्पांतून झालं. त्या कामाला जोड हवी ती मराठी पानांच्या खुल्या, रोज ताज्या होणाऱ्या सूचीची. एखाद्या नव्या कंपनीने ती स्वतः बांधावी, ही अपेक्षा रामस्वामींच्या अनुभवानंतर ठेवता येत नाही. हा खर्च सरकारने आणि विद्यापीठांनीच उचलायला हवा.