घरात वास येतोय, पण नक्की कुठून?

आजचा विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे. घरात कुठून तरी घाण वास येतोय आणि उगम काही सापडत नाही. अशा वेळी आपण काय करतो? रूम फ्रेशनर मारतो, उदबत्ती लावतो, कापूर जाळतो. मग घरात मोगरा अधिक गटार असा एक तिसराच वास तयार होतो!

गंमत बाजूला ठेवू. वास म्हणजे घराने दिलेली खबर असते. ती दाबली तर बिघाड तसाच राहतो. आणि वास गॅसचा असेल, तर उदबत्तीसाठी ओढलेली काडी थेट जिवावर बेतू शकते. म्हणून आज बघूया, वासाचा माग काढायचा कसा, आणि कुठल्या क्रमाने.

आधी आपल्या नाकाची अडचण

एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं कमी करतं. म्हणूनच पाहुण्यांना दारातच कळतं आणि आपल्याला दिवसभर घरात राहून कळत नाही. तपास करता करता "अरे, गेला वाटतं वास!" असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा वास तिथेच असतो, नाक थकलेलं असतं.

उपाय सोपा आहे. खिडक्या बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर चक्कर मारा. परत आल्यावर दारातला पहिला श्वास महत्त्वाचा. मग एकेका खोलीत जा, जमिनीजवळ वाका, भिंतीपाशी हुंगा. कुठे तीव्र वाटतो ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. वेळही लिहा: सकाळी येतो, पाऊस पडल्यावर येतो, की एक्झॉस्ट फॅन लावल्यावर? एक मात्र लक्षात ठेवा, ही पद्धत गॅसचा किंवा जळका वास नसेल तेव्हाच वापरायची. त्या दोन वासांचं पुढे बोलू.

वासाला नाव द्या

आपल्या मराठीत वासाला शब्द भरपूर आहेत: कुबट, खवट, करपट, आंबूस, कुजका. नुसतं "घाण वास" म्हणू नका, नेमका शब्द शोधा. निम्मा तपास तिथेच होतो. कुबट म्हणजे ओल. खवट म्हणजे जुनं तेल, चिमणीची जाळी. आंबूस म्हणजे ओलं फडकं, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर. सडक्या अंड्यासारखा म्हणजे बहुधा ड्रेनेज. करपट म्हणजे वायरिंग.

सगळ्यात आधी गॅस आणि वीज

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. यामागे एक भयंकर घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत स्फोट झाला. शाळेखाली नैसर्गिक वायू साठला होता आणि त्याला वासच नसल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं झालं.

गॅसचा वास आला तर शोधत बसू नका. लाईटचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडू शकते. एक्झॉस्ट फॅनलाही हात नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन नंबर आहे. पाईप गॅस असेल तर कंपनीचा नंबर बिलावर असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पाईपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. थोड्या वेळाने वास कमी वाटला तरी निर्धास्त होऊ नका. थकलेल्या नाकाची गोष्ट आठवा.

आता वीज. घरात कुणी बोंबील आणलेले नाहीत, तरी मासळीसारखा किंवा करपट वास येतोय? सॉकेट, प्लग किंवा वायरचं काही प्लास्टिक तापलं की असा वास येतो. गीझर, एसी, इस्त्री यांच्या सॉकेटवर पिवळा-तपकिरी डाग दिसतोय का बघा, पण हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

मग पाण्याच्या जागा

सुट्टीवरून आल्यावर कुलूप उघडताच गटाराचा भपकारा येतो, त्याचं कारण बहुतेकदा अगदी साधं असतं. बाथरूमच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वायू वर येऊ देत नाही. बेसिनखालच्या वाकड्या पाईपचंही तेच काम. ही युक्ती जुनी आहे: अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये असा वाकडा पाईप असलेल्या शौचकूपाचं पेटंट घेतलं होतं.

बरेच दिवस वापर झाला नाही की हे पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. घरातल्या प्रत्येक जाळीत एकेक बादली पाणी ओता. वास गेला तर चोर सापडला. गावी जाताना पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी हळू सुकतं.

पाणी ओतूनही वास राहिला, तर रात्री एकेका जाळीवर प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा, वर पाण्याचा डबा ठेवा. जी बंद केल्यावर सकाळी वास येत नाही, ती दोषी. सिंकखालचा पाईप भोकात नुसता खोचलेला असेल तर भोवतीची फट बुजवून घ्या.

सोसायटीच्या चेंबरमधून वास येत असेल तर डोकं आत घालू नका आणि कुणाला आत उतरवू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास थांबतो आणि माणूस फसतो. माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मशीन असलेल्यांना बोलवा.

ओल आणि मेलेलं काहीतरी

पावसाळ्यात कपाट उघडल्यावर कुबट वास आला तर भिंतीची परीक्षा घ्या. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस थांबा. पाणी प्लास्टिकच्या मागे जमलं तर ओल भिंतीतून येतेय. पुढच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेत दमटपणा आहे. पहिल्यात गळती शोधावी लागेल, दुसऱ्यात हवा खेळती ठेवली तरी फरक पडेल.

कुजका वास दिवसागणिक वाढतोय? मग उंदीर किंवा पाल. माळा, फ्रिजच्या मागची बाजू, एसीचं युनिट बघा. माश्या कुठे घोंघावतात तेही बघा, त्या आपल्यापेक्षा तरबेज! फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, तो अनेकांना माहीतच नसतो. त्यात साठलेलं पाणीही वास मारतं. फ्रिजचा प्लग काढूनच तो साफ करा.

आणि ज्याला वासच नाही

शेवटचं, पण महत्त्वाचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळ करताना लोक दगावलेत, आणि नाकाने त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यामुळे गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवा खेळती असेल तिथेच हवा. घरात ज्यांना वास कमी येतो, वयस्कर मंडळी असोत किंवा कोविडनंतर वास गेलेले असोत, त्यांच्यासाठी गॅस लीक अलार्म घ्या.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी गॅस आणि वीज, मग पाणी, मग ओल, मग कुजलेलं. फ्रेशनर सगळ्यात शेवटी, तोही हौस असेल तर. १९०६ आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि हा भाग तुमच्या रूम पार्टनरला पाठवा. तो नेमका का पाठवलाय, हे मात्र त्याला सांगू नका! भेटूया पुढच्या भागात.