वजन आधी, केस मागाहून

लग्नाआधी झटपट बारीक व्हायचं म्हणून काकडी-ताकावर दिवस काढलेल्या मुलीचे केस गळू लागतात ते लग्नानंतर. दोष मात्र सासरच्या बोअरच्या पाण्याला!

डोक्यावर लाखभर केस. त्यांतले ८५-९० टक्के एरवी वाढत असतात, उरलेले विश्रांतीत. अन्न एकदम तुटलं की शरीर हृदय-मेंदू सांभाळतं आणि केसांवरचा खर्च थांबवतं. बरेच केस एकदमच विश्रांतीला जातात. पण लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिने मुळाशी अडकून राहतात. म्हणूनच खरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं १९६१ साली या गळतीला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं.

फणीतला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसेल; ती विश्रांतीतल्या केसाची खूण. त्वचेतलं मूळ शाबूत असतं, त्यामुळे टक्कल पडत नाही. पोटभर डाळ, उसळ, अंडी सुरू झाली की सहाएक महिन्यांत गळती बहुधा ओसरते. ती रेंगाळलीच, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचं कौतुक मला कळत नाही. कमतरता नसेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही. उलट थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्या चुकवू शकतात. घेत असाल, तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये तसं सांगा.