डाळगिरणीतला मधुमेही कामगार

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत दुधनी वसले आहे. अक्कलकोट तालुक्यातील ही बाजारपेठ तुरीसाठी ओळखली जाते. तूर आली की डाळगिरणी आली, आणि गिरणी आली की मजूर आलाच. या मजुरांपैकी एखाद्यास मधुमेह जडला, तर त्याच्या कामाची व्यवस्था कशी लावावी? प्रश्न वरवर वैद्यकीय वाटतो. वस्तुतः तो आर्थिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे, असे कोणत्याच गिरणीमालकास म्हणता येणार नाही.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी अन्न हाताळण्याच्या जागी खाणे, चघळणे व थुंकणे यांस मनाई केली आहे. नियम रास्तच आहे. परंतु इन्सुलिन अथवा काही गोळ्या घेणाऱ्याचे जेवण लांबले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भान सुटू लागते. चालत्या पट्ट्याशेजारी असे होणे म्हणजे अपघातास आमंत्रणच. १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांची विश्रांती हा त्यावरील पहिला उपाय. नियम जागेला बंधन घालतो, माणसाच्या भुकेला नव्हे. उंबऱ्याबाहेर एक फळी व तेथे न विचारता जाण्याची मुभा, एवढ्याने दोन्ही गोष्टी साधतात.

दुसरी गोष्ट पायांची. डाळ वाळवण्याच्या अंगणात तापल्या फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या मधुमेह्याच्या पायांची संवेदना गेली असेल, तर चटका बसल्याचे त्याला कळतही नाही. त्याला स्वच्छ, केवळ अंगणापुरते पादत्राण द्यावे, किंवा सावलीतले काम द्यावे.

संसर्गजन्य रोग झालेल्यास अन्नापासून दूर ठेवावे, असे हेच नियम सांगतात. मधुमेह संसर्गजन्य नाही. तरीही वार्षिक तपासणीत रोग उघड झाला तर काम जाईल, या भीतीने मजूर तो लपवतो. खरा धोका येथे आहे. कारण लपवलेल्या रोगाला ना वेळेवर अन्न मिळते, ना शेजाऱ्याची मदत.

कायद्याचा आधार तोकडा आहे. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, हा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातला. मधुमेह्याला पाच तास फार होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत मधुमेहाचा समावेश नाही. अमेरिकेने मात्र २००८ च्या दुरुस्तीने अशा कामगारांचे संरक्षण व्यापक केले.

कायदा होईल तेव्हा होवो. डाळ पुरती वाळली की नाही, हे मुठीत धरून सांगणारा जुना हात गमावला, तर त्याच्या जागी नवा तयार होण्यास कित्येक हंगाम लागतात. ग्लुकोजच्या पुड्याला मोजके रुपये पडतात. ज्याच्या श्रमावर लोकांच्या ताटात वरण येते, त्याला वेळेवर चार घास मिळावेत, हा हिशेब दुधनीच्या कोणत्याही मुनिमाला सहज मांडता येईल.