जुडीतलं सोनं

आमच्या लहानपणी दसऱ्याचं सोनं विकत मिळत नसे. दुपार कलली की मोठी माणसं सीमोल्लंघनाला शिवेपर्यंत जात, आपट्याची पूजा करत आणि मूठभर पानं घेऊन परतत. दारात त्यांना ओवाळलं जाई. मग आम्ही मुलं घरोघर निघायचो, पान हातात ठेवून वाकून नमस्कार करायचो. तेच पान चार घरं फिरून पुन्हा आपल्याकडे यायचं.

आज मंडईबाहेर झेंडूशेजारी फांद्यांचे ढीग लागतात. दुसऱ्या दिवशी न खपलेल्या जुड्या तिथेच कचऱ्यात जातात. आणि त्यातलं पान पुष्कळदा आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं! दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्हींची पानं मधोमध दुभंगलेली, म्हणून फसगत होते. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. आपटा माळरानावर, कमी पाण्यात तग धरतो, पण वाढतो फार सावकाश. ओरबाडलेली फांदी भरून यायला वेळ लागतो. जांभळट गुलाबी फुलांचा देवकांचन तर याच सुमारास बहरायला लागतो. म्हणजे आपट्याऐवजी कांचन तोडला, तरी नुकसान झाडाचंच.

सोनं म्हणून पान देण्याच्या या प्रथेमागची कौत्साची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण अर्धीच. वरतंतू ऋषींच्या या शिष्याला गुरुदक्षिणेसाठी 14 कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, म्हणून तो रघुराजाकडे गेला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त कुबेर त्यासाठी सोन्याचा पाऊस पाडतो, तो राजाच्या कोषागारात; आपट्याचं झाड लोककथेत आलं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. राजा सगळी रास देऊ करतो आणि कौत्स दक्षिणेपुरतंच घेतो, वर एक नाणंही नाही. सोनं लुटण्याची आठवण आपण जपली, पुरेसं घेऊन थांबणं मात्र सोडून दिलं.

मोबाइलवर आलेलं सोनेरी पानाचं चित्र झाड वाचवतं हे खरं, पण त्यासाठी कुणाच्या घरी जावं लागत नाही. सणाचा जीव त्या जाण्यात होता. म्हणून यंदा जुडी घेऊ नका. रिकाम्या हातांनी जा, थोरांच्या पाया पडा. पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेतून आपट्याचं रोप आणून सोसायटीच्या आवारात किंवा बांधावर लावा, आणि मुलांना त्याचं पान झाडावरच ओळखायला शिकवा.