वजनकाटा, कंबर आणि बल : मेदोरोगातील आहार-व्यायामाचा विचार

मेदोरोगाची चिकित्सा म्हणजे वजन उतरविणे, असे समीकरण रुग्णांच्या मनात पक्के बसले आहे आणि आपणा वैद्यांपैकी अनेकांनीही ते नकळत स्वीकारले आहे. औषधालयाच्या दारात वजनकाटा ठेवलेला असतो. रुग्ण त्यावर उभा राहतो, आकडा पाहतो आणि त्यावरूनच आपण निरोगी की रोगी हे ठरवितो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले व त्यामुळे एका रुग्णाचे नुकसान झाले. त्या अनुभवावरूनच हा विषय वाचकांपुढे मांडीत आहे.

मेडशी हे अकोला–वाशिम मार्गावरील, मालेगाव तालुक्यातील गाव. भोवताली कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. सुमारे चार वर्षांपूर्वी जवळच्याच खेड्यातील ४६ वर्षे वयाचा एक शेतकरी चिकित्सालयात आला. उंची १६५ सें.मी., वजन ६२ किलो. हातपाय बारीक, चेहरा ओढलेला. ‘दम राहत नाही, पाय गळतात, कशात मन लागत नाही,’ ही तक्रार. दौर्बल्य व धातुक्षय असे निदान करून अश्वगंधा, च्यवनप्राश, दूध-तूप आणि विश्रांती असा बृंहणाचा क्रम दिला. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा वजन दोन किलोंनी वाढले होते आणि तो समाधानी होता. लघवीला वारंवार जावे लागते, हे त्याने उठता उठता सांगितले. रक्ततपासणी केली तेव्हा उपाशीपोटी साखर १७६ निघाली. सदरा वर करून पाहिले तर बारीक हातापायांच्या या गृहस्थाची कंबर ९६ सें.मी. भरली. पहिल्या दिवशी ती मोजलीच नव्हती. वजनकाट्याने त्याला कृश ठरविले व आम्ही ते मानले.

हा प्रकार अपवादात्मक नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे व मोजमापे प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बी.एम.आय., म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या मातापोषण अभ्यासात याच गोष्टीचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाऊन भिडते, असे आढळले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके मांसाने बरीच कमी होती, पाठीच्या त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने राखला गेला होता. मांसाने कृश व मेदाने स्थूल अशी ही देहरचना घेऊनच आपला रुग्ण जन्माला येतो. आमच्या शेतकऱ्याचा बी.एम.आय. २२.८ होता, म्हणजे कोष्टकाप्रमाणे तो निर्दोषच.

शास्त्र आपल्याला वजन करावयास सांगत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन भाराने केलेले नसून मेद-मांसाची अतिवृद्धी, लोंबणारे उदर-नितंब-स्तन आणि उत्साहाचा अभाव यांवरून केले आहे. मेदच तेवढा वाढतो व इतर धातूंचे पोषण होत नाही, हे तेथील मर्म आहे. दौर्बल्य हे स्थौल्याच्या आठ दोषांत मोजलेले आहे. आम्ही मात्र ते केवळ कृशाचे लक्षण समजलो. प्रमेहातही स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन रुग्ण सांगून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. आमचा रुग्ण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होता. त्याचा मेद घटवावयाचा होता आणि मांस वाढवावयाचे होते. हे दोन्ही एकाच औषधाने साधत नाही. आहार व व्यायाम यांची जोडी लागते.

ताटातील बदल

त्याच अध्यायात स्थूलासाठी जी धान्ये सांगितली आहेत ती वऱ्हाडातील वाचकाने मुद्दाम पाहावीत. यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुलत्थ यांबरोबर तेथे जूर्णाह्व आहे आणि आढकीही आहे. आढकी म्हणजे आपली तूर आणि जूर्णाह्व हे ज्वारीचे नाव मानले जाते. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे आपल्या आजोबांचे रोजचे जेवण चरकाच्या स्थौल्यपथ्यात बसते! १९९० नंतरच्या दशकांत विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. रास्तभावाच्या दुकानातून येतात ते मुख्यतः गहू व तांदूळ. शेतातील ज्वारी गेली तशी ती ताटातूनही गेली.

तथापि ज्वारीचे महात्म्य सांगताना गव्हाला दोष देण्याची जी पद्धत पडली आहे, ती लेखकास मान्य नाही. न चाळलेल्या कणकेतील तंतूंचे प्रमाण ज्वारीच्या पिठापेक्षा कमी नसते. फरक पडतो तो खाण्याच्या रीतीत. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि तिच्याबरोबर वरण, झुणका वा अंबाडीची भाजी येते. पोळीला तेल लागते, ती मऊ असल्याने एकीच्या जागी तीन जातात आणि सोबत बहुधा आलूची भाजी असते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दररोज सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे ३७० कॅलरी केवळ तेलातूनच जातात. दिवसाचे सहा चहा व प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर आणखी सुमारे २४०. रुग्ण ‘मी तर काहीच खात नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. चहा आणि फोडणी यांना तो खाणे समजत नाही इतकेच. म्हणून आहाराचा प्रश्न ‘काय खाता’ असा न विचारता ‘घरात तेल किती दिवस पुरते’ असा विचारावा.

केवळ लंघनाने वजन उतरविण्याचा मोह आवरावा. आहार एकदम तोडला असता उतरलेल्या वजनापैकी सर्वसाधारणपणे पाव हिस्सा मांसादी धातूंचा असतो. पुढे खाणे सुरू झाले की मेद लवकर परततो, मांस तितक्या सहज परतत नाही. काटा पूर्वीच्याच आकड्यावर येतो, पण मनुष्य पूर्वीचा राहत नाही. स्थूलास गुरु व अपतर्पण असे अन्न द्यावे, या चरकाच्या सूत्राचा व्यवहारातील अर्थ हाच की पोट भरले पाहिजे, पण मेदाचे पोषण होऊ नये. डाळी, ताक, पालेभाज्या आणि भाकरी यांनी हे साधते.

व्यायाम : वजनासाठी नव्हे

साठ किलोच्या माणसाने तासभर साधारण गतीने चालल्यास सुमारे दोनशे कॅलरी खर्च होतात. वर सांगितलेल्या सहा चहांतील साखरही त्याने फिटत नाही. म्हणून केवळ वजन उतरविण्यासाठी चालणारा रुग्ण महिनाभरात कंटाळतो आणि चालणे सोडतो. व्यायामाचा लाभ काट्यावर शोधू नये. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनवाचूनही ओढून घेतो आणि टिकून राहिलेले मांस हे त्या साखरेचे मोठे कोठार असते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात प्रमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गटात २६.४ टक्क्यांनी. विशेष म्हणजे आहार-व्यायामाच्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते! काट्यावरच विसंबले असते तर त्या सर्वांना ‘उपयोग झाला नाही’ असेच सांगावे लागले असते.

‘शेतकऱ्याला कसला व्यायाम सांगता?’ हा प्रश्न नेहमी येतो. वखरणी ट्रॅक्टरने होते, निंदणाची जागा पुष्कळ ठिकाणी तणनाशकाने घेतली, मळणी यंत्राने होते आणि शेतावर जाणे मोटारसायकलने. श्रम उरले आहेत ते पेरणी, सोंगणी आणि कापूस वेचणी यांच्या काही आठवड्यांपुरते. त्यांतही अधिक वाटा स्त्रियांचा. वाग्भटाने व्यायामासाठी शीतकाल व वसंत हे ऋतू प्रशस्त मानले आहेत. नेमक्या त्याच महिन्यांत आपला कोरडवाहू शेतकरी पारावर बसलेला असतो.

मात्रेविषयी अर्धशक्ती हे प्रमाण आजही उत्तम आहे. श्वास तोंडावाटे घ्यावा लागू लागला, कपाळावर घाम आला की थांबावे. मात्रा क्रमाने वाढवावी, हेही शास्त्राने स्पष्ट सांगितले आहे. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या कळश्या उचलणे असे बलवर्धक कर्म हवे. त्याशिवाय मांस वाढत नाही. जेथे १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले व ज्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले, त्या वऱ्हाडात बैठका कशा माराव्यात हे रुग्णास शिकवावे लागते, याचे नवल वाटते. असो.

सुश्रुताने चिकित्सास्थानात निर्धन प्रमेह्यास शंभर योजने चालावयास व विहीर खणावयास सांगितले. पण कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे, ही जोडही तेथेच दिली आहे. ती विसरली जाते.

औषधालय चालकांसाठी

स्थौल्य हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीतील विकार आहे. तो बरा करण्याचा दावा करणारा फलक दुकानात लावणे हा गुन्हा ठरतो. सिब्युट्रामिन या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, तथापि ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या उत्पादनांत त्याची भेसळ जगात अनेकदा सापडली आहे. पंधरा दिवसांत दहा किलोंची हमी देणारे, निर्मात्याचा परवाना क्रमांक नसलेले चूर्ण कोणी आणून दिले तर ते ठेवू नये. छातीत धडधड, निद्रानाश, तोंडाला कोरड ही लक्षणे ग्राहकाने सांगितल्यास ते त्वरित बंद करवावे. ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने आपल्या सांगण्यावरून जेवण निम्मे केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेदोहर गुग्गुळ देण्यापूर्वी ‘साखरेची गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि असल्यास मात्रा देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे.

आमच्या रुग्णाचे दूध-तूप व च्यवनप्राश बंद केले. साखरेच्या गोळीसाठी त्यास वाशिमला पाठविले. घरात दोन वेळा भाकरी सुरू झाली, तेल महिन्याला साडेतीन किलोंवर आले, शेतावर पायी जाणे आणि दिवसाआड बैठका, प्रारंभी आठ व पुढे चाळीस. वर्षभरानंतर वजन होते ६१ किलो, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा एक किलो कमी. कंबर ८८. उपाशीपोटी साखर ११२, आणि गोळीची मात्रा निम्मी.

आता केसपेपरवर वजनाशेजारी दोन रकाने अधिक आखले आहेत. पहिला कंबरेचा. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नव्हे तर त्वचेवर मोजावी. पँटचा पट्टा जेथे बांधतात ती जागा चुकीची असते. पुरुषात ९० व स्त्रीत ८० सें.मी. ही आपल्याकडे धोक्याची रेषा मानतात. दुसरा रकाना बलाचा. हात छातीवर ठेवून खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते, तो आकडा. टेप शिंप्याच्या दुकानात मिळते. खुर्ची प्रत्येक चिकित्सालयात असतेच.